बंद घर, फुटलेला पाइप आणि गॅसचं बिल

फेब्रुवारी २०२१. बाबांच्या ऑपरेशनसाठी आम्ही पुण्यात होतो, प्लेनोचं घर बंद होतं. २० तारखेला पहाटे किल्ली सांभाळणाऱ्या वहिनींचा फोन आला, "अगं, गॅरेजच्या दाराखालून पाणी येतंय!" व्हिडिओ कॉलवर दाखवत दाखवत त्यांच्याकडून मेन व्हॉल्व्ह बंद करून घेतला. हॉलचं छत खाली आलं होतं.

त्या आठवड्यात डॅलस परिसरात पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला आणि टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली. आमचं हीटिंग गॅसवर, पण त्याचा पंखा विजेवर! इथे पाण्याचे पाइप बरेचदा ॲटिकमधून, म्हणजे माळ्यावरून जातात. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो, दाब वाढून पाइपला चीर जाते. पाणी मात्र बर्फ वितळल्यावरच वाहू लागतं. म्हणून फोन आला तो थंडी ओसरल्यावर.

क्लेम केला. इन्शुरन्सवाल्यांचा पहिला प्रश्न, "घर रिकामं होतं, तर हीटिंग चालू ठेवलं होतं का?" पोटात गोळा आला. पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत भरून मिळतं. पण घर रिकामं असेल तर हीटिंग चालू ठेवण्याची, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे करण्याची काळजी घेतलेली असावी लागते.

निघताना यावरूनच आमचं वाजलं होतं. "रिकाम्या घराला कशाला ऊब?" हे नवऱ्याचं म्हणणं. मी हट्टाने ५५ फॅरनहाइटवर ठेवून निघाले. थर्मोस्टॅटच्या ॲपमधली नोंद आणि जानेवारीचं गॅसचं बिल पाठवलं. वीज जाणं हा काही आमचा निष्काळजीपणा नव्हता. क्लेम पास झाला.

सगळं मिळालं नाही. घराचा विमा ४ लाख डॉलरचा, डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे पहिले ८,००० आमच्या खिशातून. फुटलेल्या पाइपच्या दुरुस्तीचा खर्चही आमचाच. आणि भिजलेल्या लग्नाच्या अल्बमची भरपाई कोण देणार?

डिसेंबरात भारतात निघताय? मग मेन व्हॉल्व्ह बंद करा, हीटिंग चालू ठेवा, घराचे फोटो काढा, किल्ली जवळच्या माणसाकडे द्या. आणि हो, बॅगा भरण्याआधी एकदा पॉलिसी वाचा. आम्ही ती नंतर वाचली.