मोटारसायकलचे इंजिन मध्येच चुकते तेव्हा

घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या आणि खारा वारा. तलासरीकडे चढउताराचे रस्ते आणि विखुरलेले पाडे. दोन्हीकडे शेतकऱ्याचा व ग्रामसेवकाचा भार आज मोटारसायकलवर आहे. लावणीच्या दिवसांत खताची गोणी आणावयाची असो वा रात्री आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाचे असो, इंजिन वाटेत झटके देऊ लागल्यास सारेच खोळंबते.

पूर्ण बंद पडलेल्या इंजिनाचा दोष कारागिरास लवकर सापडतो. मधूनच चुकणारे इंजिन मात्र त्याच्या दारात नेमके सुरळीत चालते. म्हणून या रोगाचे निदान बव्हंशी चालकाच्या निरीक्षणावर अवलंबून असते. इंजिन थंड असता चुकते की तापल्यावर? पावसात की कोरड्या हवेत? चढावर, ओझे असता, की संथ चालताना? खड्ड्यांतून जाताना किंवा हँडल वळविताना? याची नोंद चार दिवस ठेवावी.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर चुकत असल्यास प्लगची टोपी व जाड तार तपासावी. तडा असल्यास वीज तेथूनच निसटते. अंधारात ठिणग्याही दिसतात. त्या वेळी तारेस हात लावू नये. खड्ड्यांत किंवा हँडल वळविताना चुकत असल्यास बॅटरीची टोके, किल्लीच्या व हँडलजवळच्या तारा पाहाव्यात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने टोके लवकर गंजतात. ती घासून घट्ट करावीत.

काही अंतर चालून, तापल्यावर चुकत असल्यास दोन शक्यता असतात. गाडी थांबवून टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली जाऊन इंजिन लगेच सुधारल्यास झाकणाचे वायुछिद्र बुजले आहे. तसे न होता गाडी निवल्यावरच सुधारत असल्यास इग्निशन कॉइलचा संशय घ्यावा. झाकण उघडताना जवळ विडी वा दिवा असू नये.

चढावर, ओझे असता चुकत असल्यास प्लग, एअर फिल्टर व पेट्रोलची वाट तपासावी. इंजिन निवल्यावर प्लग काढावा. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा होय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक किंवा एअर फिल्टर धुळीने भरलेला. पांढुरका रंग म्हणजे पेट्रोल कमी पडते. तेलकट ओल म्हणजे इंजिनातील झीज. प्लगमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे. शंका असल्यास प्रथम नवा प्लग बसवून पाहणे स्वस्त पडते.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी शोषते. पाणी अधिक झाल्यास त्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो व इंजिन चुकते. पावसाळ्यात गाडी उघड्यावर ठेवू नये व टाकी दीर्घकाळ अर्धवट ठेवू नये.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बुरेटर नसून इंधन फवारणी यंत्रणा आहे. अशा गाडीत सूचक दिवा पेटून राहिल्यास तारा न उचकटता जाणत्या कारागिराकडे नोंदीसह जावे.

एका वेळी एकच सुट्टा भाग बदलावा. तीन भाग एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कशात होता हे कळत नाही आणि पैसा व्यर्थ जातो. दुर्लक्षही परवडत नाही. कारण न जळलेले पेट्रोल धुराड्यातील महाग शुद्धीयंत्र निकामी करते, आणि चढावर ऐनवेळी बंद पडणारी गाडी जिवावर बेतू शकते.