उभं राहिलेलं डिझेल

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आसपास उकणी, निलजई, घोन्सा या खाणींतून निघालेला कोळसा वाघिणींत भरून जातो. एके काळी असाच कोळसा रेल्वेच्या इंजिनांच्या भट्टीत पडायचा. मग डिझेल आलं आणि कोळशाची भट्टी विझली. आता काळाने उलटा डाव टाकला आहे. खाणीतला कोळसा औष्णिक केंद्रांत जळतो, त्याची वीज होऊन रुळांवरच्या तारेत येते आणि तारेखालून डिझेल बाहेर पडतं. ज्याने कोळशाला हुसकावलं, त्याला कोळशानेच हुसकावलं. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मार्गांवर तारा पोचल्या आहेत. वाफेच्या इंजिनाला निरोप देताना लोकांनी हार घातले, फोटो काढले. डिझेलच्या वाट्याला एवढंही येत नाही. धूर ओकणारं, तेलकट, कर्कश यंत्र, त्याचं कसलं कौतुक, असाच सूर.

कौतुक करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. ज्या 'डब्ल्यूडीएम-२' इंजिनांनी दोन पिढ्यांचा प्रवास ओढला, ती अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याची. पहिली इंजिनं १९६२पासून तिकडून आली. पुढची बनारसच्या डिझेल कारखान्यात तयार होऊ लागली. तिथलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळावर आलं, त्याचं नाव 'कुंदन'. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. चालक हँडल आठ नॉचपर्यंत चढवत नेतो तसा आवाज जाड होत जातो आणि टर्बो वेग पकडेपर्यंत छतातून काळा लोट उठतो. या वर्गाची दोन हजारांहून जास्त इंजिनं बनली.

आता मुद्द्याची गोष्ट. डिझेल इंजिन चालताना जेवढं झिजतं, त्याहून वाईट ते उभं राहून होतं. वाफेच्या इंजिनात बरंचसं उघड्यावर असतं. कुशल लोहाराला आणि बॉयलरवाल्याला ते समजतं, भाग घडवताही येतात. डिझेलचं सगळं आत असतं. कूलिंगचं पाणी तसंच राहिलं तर सिलिंडर लायनरला गंज चढतो. रबरी सील कडक होऊन चिरतात. बॅटऱ्या बसतात. जनरेटर आणि ट्रॅक्शन मोटर यांच्या गुंडाळ्यांत पावसाळ्याची ओल शिरते आणि इन्सुलेशन उतरतं. उंदरांना वायरिंग फार आवडतं, हेही शेडमधल्या कुणालाही विचारा.

म्हणून वर्षभर उभं असलेलं इंजिन बटण दाबून सुरू करायचं नसतं. आधी क्रँककेस उघडून आत बघायचं. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल, तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी टेस्ट कॉक उघडे ठेवून इंजिन हाताने फिरवायचं आणि कुठून थेंब येतो ते पाहायचं. मग ल्यूब ऑईलचा दाब बनवायचा. मेगर हे इन्सुलेशन मोजणारं उपकरण लावून वायरिंग तपासायचं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की त्यात तांबं किती, लोखंड किती, यावरून बेअरिंग झिजलं की नाही ते उघडलंच नाही तरी कळतं. शेवटी लोड बॉक्सवर चाचणी. इंजिन जागचं हलत नाही, पण पूर्ण ताकदीनं वीज काढून ती रेझिस्टन्समध्ये जाळली जाते. पुस्तकं आहेत, मॅन्युअल आहेत. तरी इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा सूर बिघडला की तो कानानेच ओळखणारे फिटर वेगळे, आणि ते आता निवृत्त होत आले आहेत.

ब्रिटनमध्ये अशा माणसांना हौशी मंडळींनी वेळेत गाठलं. तालिल्लिन ही स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली पहिली रेल्वे, १९५१ची. तिथे सगळं वाफेवरचं. डिझेल वाचवायचं म्हटल्यावर इतर रेल्वेप्रेमींनीच नाकं मुरडली. तरी १९७३मध्ये काही जणांनी 'ग्रेहाउंड' नावाचं मुख्य मार्गावरचं डिझेल विकत घेतलं. पुढे 'डेल्टिक' इंजिनांसाठी संस्था उभी राहिली. बावीस डेल्टिक होती, जानेवारी १९८२मध्ये त्यांची शेवटची गाडी गेली. त्यांतली सहा आजही शाबूत आहेत. प्रत्येकात नेपियर कंपनीची दोन इंजिनं, एकेकाचे सिलिंडर अठरा, पिस्टन छत्तीस. असली घड्याळासारखी गुंतागुंत सुट्टीच्या दिवशी जमणाऱ्या लोकांनी उघडून परत बांधली. त्यांची खरी पुंजी पैशांची नव्हे, सुट्या भागांची होती. रेल्वे भंगारात टाकते आहे तेव्हाच जादा इंजिनं, पंप, मोटरी उचलून ठेवल्या. नंतर हेच भाग शोधायचे म्हटलं असतं तर जगात कुठे मिळाले नसते.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यानेच जवळून पाहिलेलं उदाहरण शकुंतला रेल्वेचं. किलिक निक्सन कंपनीने उभारलेली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज कापूस वाहून न्यायला बांधलेली. १९९४च्या एप्रिलमध्ये तिचं वाफेचं इंजिन थांबलं आणि डिझेल लागलं. गाडी बंद पडत गेली तेव्हा लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली, ती गाडी हवी म्हणून. इंजिनाची काळजी मात्र कुणाच्या मागणीत नव्हती, आणि त्यात नवल नाही; माणसाला आधी गाव गाठायचं असतं. पण बंद पडलेल्या मार्गावर इंजिनाचं काय होतं, हे या विदर्भानं नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड या नॅरोगेज मार्गांवरही पाहिलं. नागपूरच्या मोतीबागेत २००२पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, ही मोठी सोय. या मार्गांवर चित्तरंजनच्या कारखान्यातली 'झेडडीएम-४ए' इंजिनं धावत. सातशे अश्वशक्तीच्या या धाटणीच्या इंजिनांसाठी मनमोहन सुरी यांनी विकसित केलेलं ट्रान्समिशन वापरलं गेलं. एका भारतीय अभियंत्याची ही कमाई. ती चालती ठेवायला हवी असं मला वाटतं, काचेमागे नव्हे.

माथेरानने मात्र दाखवलं आहे की जुनं डिझेल जगवता येतं. १९०७मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर पन्नाशीच्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीची छोटी जोडइंजिनं आली आणि रेल्वेच्याच कामगारांनी ती बरीच वर्षं चालवली. तिथे स्वयंसेवक नव्हते, पण माणसं, हत्यारं आणि रोजचं काम होतं.

वणीसारख्या गावात हे कसं जमेल? इथे माणसांची वानवा नाही. खाणींत डंपर, शॉव्हेल यांची डिझेल इंजिनं रोज उघडली जातात. मोठ्या टर्बोचं काम जाणणारे हात गावात आहेत. सवलत मात्र नाही: जुनं इंजिन रेल्वे ई-लिलावात भंगार म्हणून विकते आणि मुख्य मार्गावर खासगी हौशी मंडळींना इंजिन चालवायची मुभा नाही. पण सायडिंगवर दोनशे मीटर पुढे-मागे जायला मुख्य मार्ग लागत नाही. लागते ती करारावर सही, छप्पर आणि दर पंधरवड्याला इंजिन सुरू करून तासभर गरम होऊ देण्याची शिस्त. स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवलेल्या, चकाचक रंगवलेल्या इंजिनापासूनही सुरुवात करता येईल: कूलिंगचं पाणी काढून टाकलं आहे का, एवढं तरी आधी पाहा.