निकामी वाहनांच्या सुट्या भागांचा पुनर्वापर आणि स्वावलंबन : एक विवेचन

प्रस्तावना :

मोटार वाहनाचे आयुष्य संपले असे सामान्यतः म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात त्यातील एखादाच भाग निकामी झालेला असतो. इंजिन थकते, पत्रा गंजतो किंवा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा अधिक होतो आणि संपूर्ण वाहन एका कोपऱ्यात उभे राहते. मात्र त्यातील कमानपाटे, आस, बेअरिंग, वायपरची मोटर, अल्टरनेटर, दिवे व टायर यांची कार्यक्षमता पुष्कळदा शिल्लक असते. ही शिल्लक कार्यक्षमता ओळखून तिचा अन्य कामासाठी उपयोग करून घेणे म्हणजे सुट्या भागांचा पुनर्वापर होय. वितळवून नवा धातू मिळविणे ही पुनर्चक्रीकरणाची प्रक्रिया त्याहून वेगळी आहे. पुनर्वापरात वस्तूचा घडविलेला आकार, तिची अचूकता व त्यामागील श्रम टिकून राहतात.

या विषयाच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर बोलके आहे. शहराच्या पश्चिमेस वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तर पूर्वेस शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा मोटारींची जुळणी होऊ लागली. या दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मधोमध, घड्याळाच्या मनोऱ्याभोवती वसलेली शहागंजची जुनी बाजारपेठ आहे. एका बाजूस नवी वस्तू निर्माण करणारी अर्थव्यवस्था आणि दुसऱ्या बाजूस वस्तू दुरुस्त करून वापरण्याची जुन्या बाजारपेठांची परंपरा, असे हे सहअस्तित्व आहे. या दुसऱ्या परंपरेचे तांत्रिक, सामाजिक व कायदेशीर स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१) वाहनाच्या सुट्या भागांच्या पुनर्वापरामागील तांत्रिक तत्त्वे स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रातील व जगातील उदाहरणांच्या आधारे पुनर्वापर व स्वावलंबन यांचा संबंध तपासणे.
३) या व्यवहाराच्या सुरक्षाविषयक व कायदेशीर मर्यादा मांडणे.

पुनर्वापराचे तीन स्तर :

पुनर्वापराचे स्थूलमानाने तीन स्तर करता येतात. पहिल्या स्तरावर सुटा भाग त्याच कामासाठी दुसऱ्या वाहनात बसविला जातो. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी व चेन्नईतील पुदुपेट येथील बाजार प्रामुख्याने या स्तरावर वाढले. दुसऱ्या स्तरावर भागाचे रूप तेच राहते, पण काम बदलते. जीपची आस बैलगाडीला बसविणे हे त्याचे उदाहरण होय. तिसऱ्या स्तरावर रूपही बदलते आणि केवळ द्रव्याचा गुणधर्म वापरला जातो. कमानपाट्यापासून कोयता घडविणे हे त्याचे उदाहरण होय. स्वावलंबनाच्या दृष्टीने दुसरा व तिसरा स्तर अधिक महत्त्वाचे आहेत, कारण तेथे कारागिराला वस्तूच्या मूळ हेतूपलीकडे जाऊन विचार करावा लागतो.

मराठवाड्यातील दोन उदाहरणे : टायरगाडी आणि कोयता

बीड व परिसरातील ऊसतोड मजूर दरवर्षी हंगामात साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. ऊस वाहतुकीत लाकडी चाकाच्या गाडीची जागा मोठ्या प्रमाणावर टायरच्या बैलगाडीने घेतली. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘टायर’ हा शब्द गाडीच्या एका प्रकाराचे नावच बनला आहे. लाकडी चाकाला बसविलेली लोखंडी धाव अरुंद असते. सर्व भार थोड्या जागेवर येऊन ती मऊ जमिनीत रुतते आणि रस्ताही कापते. हवेचे टायर हा भार अधिक क्षेत्रावर पसरवते. आसेवरील बेअरिंगमुळे घर्षण घटते व बैलांना कमी ओढ लागते. या गाड्यांसाठी मोटार वाहनांच्या जुन्या आसा व टायर उपयोगी पडतात, कारण वाहनाचा भार पेलण्यासाठी केलेली आस बैलगाडीच्या संथ गतीत दीर्घकाळ टिकते.

तथापि या सुधारणेची दुसरी बाजूही आहे. गाडी सहज ओढली जाते म्हणून तिच्यावर अधिक ऊस लादला जातो आणि वाचलेले श्रम पुन्हा बैलांच्याच मानेवर येतात. शिवाय अशा गाडीला ब्रेक नसेल, तर उतारावर संपूर्ण भार जुवावर येतो. वाहनाची आस घेतली, पण तिच्याबरोबरची ब्रेकची व्यवस्था मागे राहिली, असे येथे घडते. पुनर्वापरात भागाबरोबर त्याची सुरक्षाव्यवस्थाही घेणे आवश्यक असते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

दुसरे उदाहरण कमानपाट्याचे. ट्रक किंवा जीपच्या कमानपाट्याचे पोलाद वारंवार वाकून पूर्ववत होण्यासाठी तयार केलेले असते. त्यात साधारणतः अर्धा ते पाऊण टक्क्यापर्यंत कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. साध्या सळईचे लोखंड तापवून विझविले तरी पुरेसे कठीण होत नाही. कमानपाटा मात्र होतो. म्हणूनच लोहार कोयता, विळा, कुऱ्हाड यांसाठी कमानपाट्याला पसंती देतात. सुमारे ८००–८५० अंश सेल्सिअसला पोलाद तांबडेलाल होते. सुमारे ७७० अंशांपुढे त्याला चुंबक चिकटत नाही, ही भट्टीवर करता येण्याजोगी सोपी चाचणी आहे. त्यानंतर ते तेलात विझवून पुन्हा दोनशे अंशांच्या वर मंद तापविले की धार टिकते आणि पाते तडकत नाही. मात्र हजारो हेलकावे सोसलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असू शकतात. त्यामुळे पाट्याचा कोणता तुकडा घ्यावा याची निवड हे या कौशल्याचे मर्म ठरते.

विद्युत भागांचा पुनर्वापर :

निकामी मोटारीतील सर्वाधिक आकर्षक भाग म्हणजे बॅटरी. तथापि तिच्याविषयी गैरसमजही अधिक आहेत. मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी काही सेकंद मोठा विद्युतप्रवाह देऊन इंजिन सुरू करण्यासाठी बनविलेली असते. ती रात्रभर हळूहळू रिकामी करणे हे तिच्या रचनेच्या विरुद्ध आहे. उदाहरणादाखल १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत नवी असताना सुमारे ४२० वॅट-तास ऊर्जा साठते. जुनी झाल्यावर क्षमता निम्मी उरली असे मानले आणि तीही निम्मीच वापरायची असे ठरविले, तर हाती सुमारे १०५ वॅट-तास येतात. त्यावर पाच वॅटचे तीन एलईडी दिवे सात तास चालू शकतात. भारनियमनाच्या काळात एका कुटुंबाच्या अभ्यासासाठी व स्वयंपाकासाठी हा प्रकाश पुरेसा आहे. परंतु याच बॅटरीवर पाण्याचा पंप किंवा शीतकपाट चालविण्याची अपेक्षा निष्फळ ठरेल.

अल्टरनेटरबाबतही अशीच स्थिती आहे. तो वीज निर्माण करतो म्हणून पवनचक्कीला सरळ जोडावा असे वाटते. परंतु त्याच्या दंडाला मिनिटाला हजारापेक्षा अधिक फेरे मिळाल्याशिवाय तो उपयुक्त वीज देत नाही आणि त्याच्या चुंबकक्षेत्रासाठी प्रथम बॅटरीतूनच प्रवाह द्यावा लागतो. घरगुती पवनचक्कीचे पाते इतक्या वेगाने फिरत नसल्याने पुलीच्या साहाय्याने वेग वाढवावा लागतो. याउलट वायपरच्या मोटरमध्ये मळसूत्री दंतचक्र असल्यामुळे ती संथ गतीने परंतु जोराने फिरते. धान्य ढवळणे, लहान फाटक उघडणे, सौर तावदान सूर्याच्या दिशेने वळविणे अशा कामांना ती योग्य असते. सारांश, सुट्या भागाचे नाव न पाहता त्याचे मूळ कार्य पाहावे आणि नवे काम त्या कार्याशी जुळते का, हे तपासावे.

टिकून राहण्यासाठी पुनर्वापर : जगातील अनुभव

संकटकाळी ही दृष्टी जीवनरक्षक ठरल्याची उदाहरणे आहेत. १९९३ मध्ये एमिल लेरे हा फ्रेंच विद्युत कारागीर मोरोक्कोच्या वाळवंटात अडकला. त्याची सिट्रोएन २ सीव्ही मोटार खडकावर आदळून मोडली होती. त्याने त्याच मोटारीच्या भागांपासून बारा दिवसांत दुचाकी तयार केली आणि स्वतःची सुटका करून घेतली. आफ्रिकेतील मलावी येथे २००१–०२ च्या दुष्काळात फी न भरता आल्यामुळे विल्यम कामक्वाम्बा या किशोरवयीन मुलाची शाळा सुटली. त्याने गावातील वाचनालयातील पुस्तकाच्या आधारे ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अॅब्सॉर्बर, सायकलची चौकट व डायनामो यांपासून पवनचक्की उभारली. सायकलच्या डायनामोत कायम चुंबक असल्याने त्याला बाहेरून प्रवाहाची गरज नव्हती, ही बाब वर केलेल्या विवेचनाशी सुसंगत आहे. क्यूबामध्ये अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांनंतर १९५० च्या दशकातील मोटारी आजवर चालत्या ठेवण्यात आल्या; तेथे पुनर्वापर हा व्यक्तीचा न राहता संपूर्ण समाजाचा व्यवहार बनला.

देवराष्ट्रे येथील प्रयोग आणि कायद्याचा प्रश्न :

महाराष्ट्रातील याविषयीचे अलीकडचे ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे आहे. त्यांनी भंगारातील भाग वापरून सुमारे साठ हजार रुपयांत दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या वाहनाची जाहीर प्रशंसा केली. मात्र हे वाहन नियमांत बसत नसल्याने प्रशासन आज ना उद्या ते थांबवील, हेही त्यांनी नमूद केले. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास त्या वाहनाच्या बदल्यात नवी बोलेरो देण्यात आली. कौतुक आणि निर्बंध यांचा हा एकाच वेळी आलेला अनुभव या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न उघड करतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी दंडाची व कारावासाची तरतूद अधिक स्पष्ट केली. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळविणे बंधनकारक आहे. कलम १२७ अन्वये सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलविण्याचा अधिकार पोलिसांना आहे. म्हणजेच रस्त्याकडेला धूळ खात उभे असलेले वाहन ‘बेवारस’ दिसले तरी कायद्याच्या दृष्टीने ते मालकाविना नसते. त्यातील भाग परस्पर काढणे ही चोरी ठरू शकते. स्वावलंबनाचा आरंभ वैध मालकीपासूनच व्हावयास हवा.

सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रांविषयीचे नियम अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण नियम अमलात आले. या नियमांचा हेतू स्तुत्य आहे. शिसे, आम्ल, जुने तेल, वातानुकूलन यंत्रातील वायू आणि न फुटलेल्या एअरबॅग यांचा धोका असंघटित कारागिरालाच प्रथम भोगावा लागतो. पेट्रोलची रिकामी टाकी वेल्डिंग करताना आतील बाष्पामुळे स्फोट होऊ शकतो. तथापि नव्या व्यवस्थेत उत्पादकांचे दायित्व प्राधान्याने परत मिळविलेल्या पोलादाच्या वजनात मोजले जाते. वितळलेला कमानपाटा हिशेबात येतो. त्याच कमानपाट्यापासून कोयता घडविणाऱ्या लोहाराचे ज्ञान मात्र हिशेबात येत नाही. निकामी वाहने थेट केंद्रांकडे गेल्यास त्या लोहाराचा कच्चा मालही आटण्याची शक्यता आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पुनर्वापर हा केवळ काटकसरीचा मार्ग नसून तो द्रव्यविज्ञान, यंत्रशास्त्र आणि अनुभव यांचा संगम आहे. त्याचे यश भागाच्या मूळ कार्याशी नव्या कामाची सांगड घालण्यावर अवलंबून असते. ही सांगड चुकली की श्रम वाया जातात किंवा अपघात घडतो. रस्त्यावर धावणारे वाहन आणि एका जागी स्थिर असलेले उपकरण यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्यासाठी कठोर नियम हवेतच. दुसऱ्यासाठी मात्र वाव ठेवावयास हवा.

या दृष्टीने निष्कासन केंद्रांतील कमानपाटे, आसा, मोटर यांसारखे भाग तपासणीनंतर स्थानिक लोहार व कारागिरांना उपलब्ध व्हावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांनी जुन्या बॅटरीची क्षमता आणि पोलादातील भेगा तपासून देण्याची सोय करावी. महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान व अर्थशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील कारागिरांच्या पद्धतींची नोंद ठेवावी. ज्या शहराने चार दशके वाहने घडविली, त्या शहराने ती वाहने थकल्यानंतर त्यांचे काय करावयाचे, याचे ज्ञानही जतन करणे उचित ठरेल.