पहिलटकरणीचे पहिले तीन महिने

नव्या सुनेची पाळी चुकते, तपासणीची पट्टी दोन रेघा दाखवते आणि घरात आनंद होतो. त्या आनंदाबरोबरच थोरांकडून एक सूचनाही मिळते, ‘तीन महिने कुणाला सांगू नकोस, नजर लागते.’ ही सूचना मायेपोटी केलेली असते. गर्भ टिकण्याची काळजी पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त असते, हे आपल्या आजी-नानींनी अनुभवाने ओळखले होते. बातमी मोहल्लाभर होऊ नये, असे वाटण्यात गैर काही नाही. नजरेपासून अल्लाहचा आश्रय मागण्याची शिकवणही आपल्याला आहेच.

पण हे मौन अनेक घरांत फार लांब पोहोचते. शेजारणीबरोबर आशाताईलाही सांगितले जात नाही. डॉक्टरांकडे जायचे तर कुणीतरी पाहील, म्हणून तपासणी चौथ्या-पाचव्या महिन्यावर ढकलली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करून घेणाऱ्या मातांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. म्हणजे दर दहा मातांपैकी तिघी उशिरा गेल्या किंवा गेल्याच नाहीत. आमचे म्हणणे एवढेच आहे की गुपित जरूर राखावे, पण त्या गुपितात पती, घरातील एक जाणती स्त्री आणि डॉक्टर हे तिघे पहिल्या आठवड्यापासून असावेत.

घाई कशासाठी?

गर्भारपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणून पाळी चुकली, त्या दिवशी चार आठवडे आधीच झालेले असतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे हृदय धडधडू लागते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेपासून तयार होतात, ती नलिकाही त्याच सुमारास बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर बाळात गंभीर व्यंग राहू शकते. दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक अवयवांची मूळ घडण झालेली असते. थोडक्यात, बातमी सांगण्याची वेळ येते, तोवर सर्वांत नाजूक काम होऊन गेलेले असते.

नलिकेतील दोषाचा धोका फॉलिक ॲसिडच्या गोळीने बराच कमी होतो. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधीपासून सुरू करून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायची असते. मूल हवे असे पती-पत्नीने ठरवले की त्याच महिन्यात ती सुरू करावी. आधी घेतली नसेल तर बातमी कळल्याच्या दिवशी सुरू करावी. मधुमेह किंवा फिट्सचा आजार असेल, तर मात्रा डॉक्टर ठरवतील.

आणखी एक छोटी गोष्ट. आपल्या अनेक घरांत वडीलधाऱ्या बायका महिने चांदाच्या हिशेबाने मोजतात, डॉक्टर मात्र आठवडे मोजतात. म्हणून शेवटच्या पाळीची इंग्रजी तारीख वहीत लिहून ठेवावी. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख मिळते. पाळी १ जानेवारीला आली असेल, तर ती तारीख ८ ऑक्टोबर येते.

पहिली तपासणी

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झालीच पाहिजे. गावात आशाताई किंवा उपकेंद्रातील परिचारिका, शहरात महापालिकेचा दवाखाना किंवा आपले डॉक्टर यांच्याकडे नाव नोंदवावे. सरकारी ठिकाणी माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, तेव्हा हे कार्ड आणि सर्व रिपोर्ट सुनेबरोबर माहेरी गेले पाहिजेत. नाहीतर तिथल्या डॉक्टरांना सारे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.

पहिल्या भेटीत वजन आणि रक्तदाब पाहतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘बी’ यांच्या तपासण्या होतात. गरजेप्रमाणे थायरॉइडही तपासतात. सिफिलिस किंवा एचआयव्हीचे नाव ऐकून काही घरांत राग येतो. ही तपासणी प्रत्येक गर्भवतीची होते, त्यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नसतो. आजार वेळेत कळला तर बाळाला त्यापासून वाचवता येते.

रक्तगट दोघांचाही माहीत हवा. पत्नीचा गट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर तिला ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन ठरावीक वेळी लागते. गर्भपात झाला तरीही ७२ तासांच्या आत ते घ्यायचे असते. ते राहून गेले तर धोका पुढच्या बाळाला होतो.

आपल्याकडे चुलत, मामे, मावस भावंडांत लग्ने होतात. अशा जोडप्यांनी थॅलेसेमियाची रक्ततपासणी मुद्दाम मागून घ्यावी. खरे तर ती लग्नाआधीच व्हायला हवी. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक असेल, तर बाळाला तो आजार होत नाही. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची पुढची तपासणी ठरावीक आठवड्यांतच होते. तज्ज्ञ डॉक्टरांशी आणि विश्वासातल्या आलिमांशी शांतपणे बोलायला वेळ हवा असेल, तर सुरुवात लवकर करण्यावाचून मार्ग नाही.

सोनोग्राफीबद्दलही शंका असतात. तिच्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी टाळू नये. अकरा ते तेरा आठवड्यांत एक आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास एक महत्त्वाची सोनोग्राफी असते. मुलगा की मुलगी हे विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलीचे येणे ही रहमत मानणाऱ्या घरात हा प्रश्न उठूच नये.

स्त्री डॉक्टर हवी, ही इच्छा रास्त आहे. जवळपास असेल तर तिच्याकडेच जावे. पण ती मिळेपर्यंत तपासणी महिनाभर थांबवणे किंवा रक्तस्राव होत असताना पुरुष डॉक्टर नको म्हणून घरी बसणे योग्य नाही. गरजेच्या वेळी शरीयतने सवलत दिली आहे.

ताटात काय असावे

‘दोन जिवांचे खा’ हा आग्रह पहिल्या तीन महिन्यांत लागू पडत नाही. या काळात जेवण वाढवण्याची गरज नसते, ते सकस असले म्हणजे पुरे. नीट शिजलेले मांस, उकडलेले अंडे, डाळी, मेथी, शेवग्याचा पाला, नाचणी, दही, चणे-गूळ आणि खजूर यांतले काही ना काही रोज पोटात जावे. कोकणातल्या घरांत बांगडा, तारलीसारखी मासळी उत्तम. मुशीसारख्या शार्कच्या जाती मात्र टाळाव्यात, त्यांत पारा साठलेला असतो. दूध उकळूनच प्यावे. अर्धे कच्चे कबाब नकोत.

‘रक्त वाढेल’ म्हणून कलेजी देण्याची पद्धत आहे. कलेजीत लोह असते, पण अ जीवनसत्त्वही फार मोठ्या प्रमाणात असते आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याचा अतिरेक बाळाला घातक ठरू शकतो. बकरी ईदची कलेजी असली तरी या काळात सुनेच्या ताटात नको.

त्याच सर्वेक्षणात देशातील ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की ती ॲनिमिया समजतात. लोहाच्या लाल गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि साधारण चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायच्या असतात. त्याआधीच हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. माती किंवा खडू खावासा वाटत असेल तर तो नुसता डोहाळा समजू नका. रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते.

मिश्री, सुरमा आणि कुश्ता

तीन गोष्टींबद्दल आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. पहिली मिश्री. दात घासायची म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण ती भाजलेली तंबाखूच असते. तिने बाळाचे वजन कमी राहू शकते. पतीची सिगारेट-विडीही घराबाहेर गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट सुरमा. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे असते आणि ते आईच्या शरीरातून बाळापर्यंत पोहोचते. सुरम्यात काय आहे याची खात्री नसेल, तर बाळंतपण होईपर्यंत तो बाजूला ठेवावा.

तिसरी गोष्ट ताकदीचे कुश्ते आणि भस्मे. त्यांत पारा, शिसे यांसारखे धातू असू शकतात. हकीमसाहेबांकडे जायचे असेल तर गर्भ असल्याचे आधी सांगावे, आणि घेतलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांनाही हाच नियम. थायरॉइड, रक्तदाब किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, बातमी कळताच डॉक्टरांना विचारावे.

मळमळ, रोजा आणि नमाज

सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते आणि बहुतेकींची ती चौथ्या महिन्यापर्यंत कमी होते. उठण्याआधी अंथरुणातच कोरडा टोस्ट किंवा खारी खावी, थोडे थोडे पण वारंवार खावे, आल्याचा तुकडा चघळावा. फोडणीच्या वासाने उलटी होत असेल, तर काही दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. यात नखरा नसतो. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र दवाखाना गाठावा.

रमजानात गर्भवती स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे. ते रोजे पुढे कझा करायचे असतात. हनफी मसलकात कझा पुरेशी आहे. शाफई मसलकात, ज्याचे कोकणी मुस्लिम बहुसंख्येने अनुयायी आहेत, भीती केवळ बाळासाठी असेल तर कझासोबत फिदियाही द्यावा लागतो. उलट्या, मधुमेह किंवा ॲनिमिया असताना ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा ओढणे हा तकवा नव्हे. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात लाज कसली? प्रकृती उत्तम असेल आणि रोजे ठेवायचे असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि चक्कर, अशक्तपणा जाणवला की रोजा सोडावा. चक्कर येत असेल तर नमाज बसून पढता येते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

अंगावरून रक्त जाणे, ओटीपोटात तीव्र किंवा एकाच बाजूला दुखणे, खांद्यात कळ येऊन भोवळ येणे, ताप, लघवीला जळजळ, न थांबणाऱ्या उलट्या. यांपैकी काहीही झाले तरी रात्र असो वा दिवस, दवाखान्यात जावे. एका बाजूचे दुखणे आणि भोवळ ही गर्भ नलिकेत अडकल्याची खूण असू शकते आणि त्यात काही तासांची दिरंगाईही जिवावर बेतू शकते. १०८ ही तातडीची रुग्णवाहिका आहे आणि गर्भवतींसाठी १०२ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत.

सारी काळजी घेऊनही कधी कधी गर्भ राहत नाही. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के पहिल्या काही महिन्यांत संपतात आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. सून जिना चढली किंवा तिने बातमी कुणाला सांगितली, म्हणून असे होत नाही. अशा वेळी तिला बोल लावणे हा जुलूम आहे. तिला विश्रांती, तपासणी आणि सासूबाईंचा मायेचा हात हवा असतो. एकदा असे झालेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे निरोगी मूल होते.

घराने करायची तयारी

पतीने पहिल्या तपासणीला सोबत जावे आणि डॉक्टरांचे बोलणे स्वतः ऐकावे. पाण्याचे जड हंडे, धान्याच्या गोण्या उचलण्याचे काम सुनेकडून काढून घ्यावे. रोज अर्धा तास चालणे आणि हलके घरकाम मात्र चांगलेच. रक्त देऊ शकतील अशा दोन नातलगांची नावे लिहून ठेवावीत, दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकावी.

सरकारी सोयी घेण्यात संकोच नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातांना पहिल्या बाळासाठी एकूण ५००० रुपये मिळतात. त्यासाठी लवकर नोंदणी हवी, शिवाय आधार आणि बँक खात्यावरचे नाव एकसारखे हवे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर ते आताच तपासून घ्यावे.

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. दुआ करावी, नजर उतरावी वाटली तर मसनून दुआ पढाव्यात, आणि त्याच आठवड्यात सुनेला घेऊन दवाखान्यातही जावे. अल्लाह प्रत्येक होणाऱ्या मातेला आणि तिच्या बाळाला आफियत देवो. आमीन.