हस्तिदंती की मलईरंगी?
दुकानातील नमुनापट्टीवर हस्तिदंती आणि मलईरंगी या छटा जुळ्या बहिणी वाटतात. मलईरंगात पिवळी झाक किंचित अधिक, एवढाच भेद. परंतु भिंती एकमेकींवर उजेड परतवू लागल्या, की ही झाक दाट होते. आणि घरच्यांना तिच्या सहवासात वर्षे काढावयाची असतात. उत्तरेच्या खिडकीतून निळसर, थंड प्रकाश येतो. तेथे मलईरंगाची ऊब हवीशी वाटते. पश्चिमेच्या खोलीत उतरत्या उन्हाने तोच रंग पिवळाजर्द भासतो. तेथे हस्तिदंती बरा. दिव्यांतही २७०० केल्व्हिनचा दिवा पिवळेपणा वाढवितो, ६५०० चा तो दडवितो. म्हणून दोन फळ्यांवर रंगाचे दोन-दोन हात द्यावेत. वाळल्यावर त्या भिंतीशी उभ्या करून सकाळी, दुपारी व दिवेलागणीला पाहाव्यात आणि मगच डबा घ्यावा.