नव्या माशाचा रंग कुठे गेला?

शोभेचे मासे पाळण्याचा छंद आता मुंबईपुरता राहिलेला नाही. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून तर सकाळी क्रॉफर्ड मार्केटात जाऊन मासे घ्यावेत आणि दुपारी पालघरला किंवा बोईसरला आपल्या काचपेटीत सोडावेत, हे सहज जमते. पण घरी येऊन पिशवी उजेडात धरली की अनेकांचा चेहरा उतरतो. दुकानात निऑन टेट्राच्या अंगावरची निळी रेघ दिव्यासारखी लखलखत होती. पिशवीत मात्र राखी, काचेसारखे मासे कोपऱ्यात दाटीने उभे असतात. दुकानदाराने फसवले, असे आधी वाटते. मग मासे आजारी आहेत असे ठरते आणि औषधाची बाटली येते. पाणी बदलले जाते, काचेवर टिचक्या मारून मासे हलतात का ते पाहिले जाते. दोन-तीन दिवसांत मासे मरतात. रंग उडाल्यामुळे ते मेले असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्यांना मारते ती नंतरची ही धावपळ.

माशाचा रंग कापडाच्या रंगासारखा धुऊन जात नाही. त्याच्या त्वचेत रंगपेशी असतात. काहींत काळे रंगद्रव्य असते, काहींत पिवळे, काहींत तांबडे. शिवाय आणखी एका जातीच्या पेशींत रंगद्रव्य नसतेच. त्यांच्यात ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. सातपाटीच्या बंदरात उतरणाऱ्या ताज्या पापलेटची चंदेरी झळाळी अशाच स्फटिकांची. निऑन टेट्राची निळी रेघही स्फटिकांचीच. त्यांच्या थरांमधले अंतर बदलले की परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. रात्री दिवा मालवल्यावर हा मासा फिका पडतो आणि सकाळी उजेडात पुन्हा उजळतो. पहाटे अचानक दिवा लावून पाहा, फिके मासे दिसतील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

काळ्या रंगपेशीचे काम समजण्यासाठी एक पांढरे ताट आणि चिमूटभर काळी रांगोळी घ्या. रांगोळीचा ताटाच्या मध्यभागी ढीग केला तर लांबून ताट पांढरेच दिसते. तीच रांगोळी ताटभर पसरली की ताट काळे दिसू लागते. रांगोळी तेवढीच आहे, फक्त तिची मांडणी बदलली. काळ्या रंगपेशीत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असेच मध्यभागी गोळा होतात किंवा पेशीच्या फाट्याफाट्यांतून पसरतात. मासा भ्याला की त्याचे चेतातंतू या पेशींजवळ नॉरॲड्रेनॅलीन सोडतात, कण आत ओढले जातात आणि काही मिनिटांत मासा फिका पडतो. पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येणारी संप्रेरकेही हेच काम करतात, पण सावकाश. एक संप्रेरक कण पसरवते, दुसरे गोळा करते.

यातला चेतातंतूंचा भाग पुढे मधमाश्यांच्या नृत्यावरील संशोधनासाठी प्रसिद्ध झालेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. १९११ च्या सुमारास ते मिनो नावाच्या छोट्या युरोपीय माशावर काम करीत होते. रंगपेशींकडे जाणारा चेतातंतू तोडला की त्यामागचा शरीराचा भाग गडद होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मासा फिका पडतो तो चेतातंतूंच्या आज्ञेने; आज्ञा थांबली की रंग पसरतो.

ही आज्ञा केवळ भीतीमुळे सुटते असेही नाही. मासा डोळ्यांनी तळ पाहतो आणि त्याप्रमाणे रंग ठरवतो. तळ पांढरा तर मासा फिका, तळ काळा तर गडद. ज्याचे डोळे गेले आहेत असा मासा पुष्कळदा कायमचा काळपट राहतो, कारण त्याला तळच दिसत नाही. आता नव्या माशाच्या बाजूने विचार करा. जाळ्यात सापडला, अरुंद पारदर्शक पिशवीत पडला, गाडीच्या खडखडाटात दोन तास हिंदकळला, आणि शेवटी पांढरीशुभ्र वाळू घातलेल्या, वरून झगझगीत दिवा लावलेल्या पेटीत येऊन पडला. त्याने रंग दाखवावा तरी कसा?

म्हणून पहिला उपाय औषधाचा नाही, अंधाराचा आहे. मासे आणण्यापूर्वीच पेटीत गडद वाळू किंवा नदीतली काळी खडी धुऊन घाला, मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा आणि हायड्रिलासारख्या पाणवनस्पतींची दाटी एका बाजूला करा. तळ्यातून आणलेली वनस्पती असेल तर ती नीट धुऊन, गोगलगायी काढून मगच वापरा. मासे सोडले की दुसऱ्या सकाळपर्यंत दिवा लावू नये, त्या दिवशी खाऊही घालू नये. काचेवर टिचकी मारू नये. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेला पाण्यातली बारीकशी थरथरही जाणवते. निऑन टेट्रासारखे थव्याने राहणारे मासे एक-दोन आणणे तर क्रूरपणाच आहे. निदान सहा तरी हवेत.

पाण्याचे तापमानही जुळले पाहिजे. मासा शीतरक्ताचा प्राणी, पाणी जितके ऊन तितकाच तोही ऊन. तारापूरच्या अणुवीज केंद्रात वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी घेतात आणि ते कोमट होऊन समुद्रात परत जाते. तिथला मासा ऊब नकोशी झाली तर दूर पोहून जाऊ शकतो. पिशवीतल्या माशाला ती सोय नाही. तेव्हा बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर पेटीचे पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासे जाळीने अलगद उचलून पेटीत सोडा आणि पिशवीतले पाणी ओतून टाका.

हा नियम दोन-तीन तासांच्या प्रवासासाठी आहे. दिवसभराहून अधिक काळ बंद असलेल्या पार्सलाची गोष्ट वेगळी, आणि तिथे रसायनशास्त्र आडवे येते. बंद पिशवीत माशांनी सोडलेला अमोनिया साठतो. पण त्यांच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाणी किंचित आम्ल करतो, त्यामुळे बहुतेक अमोनिया निरुपद्रवी अमोनियम आयनाच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्याचा सामू वाढतो. सामू ७ वरून ८ झाला तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो! अशा वेळी पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसणे घातक ठरते. तापमान जुळले की पिशवी उघडून मासे लगेच नव्या पाण्यात घ्यावेत.

ते नवे पाणीही तयार हवे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पसरट भांड्यात दिवसभर ठेवले की तो बराचसा उडून जातो, किंवा छायाचित्रकार वापरतात त्या हायपोचे एक-दोन खडे बादलीभर पाण्यात टाकले तरी चालते. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ किंवा जड असते. गप्पीला ते मानवते, ॲमेझॉन खोऱ्यातल्या निऑन टेट्राला मुळीच नाही. आपल्या पाण्याला फेस किती येतो ते साबणाने पाहून मग कोणता मासा आणायचा ते ठरवावे. शाळेच्या पेटीसाठी तर मी गप्पीच सुचवीन.

शिवाय नव्या पेटीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतल्या गाळणीचा स्पंजाचा तुकडा आणून नव्या गाळणीत ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. आपण मात्र पेटी घेतो त्याच दिवशी डझनभर मासे सोडतो.

दोन-तीन दिवसांत रंग परतला नाही, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला, पर अंगाशी आवळून धरले, किंवा अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसले, तर मात्र ते आजाराचे किंवा बिघडलेल्या पाण्याचे लक्षण समजावे. आधी पाव हिस्सा पाणी बदलावे. औषध त्यानंतर आणि रोग ओळखूनच.

आठवड्यांनी हळूहळू उतरणारा रंग ही निराळी गोष्ट. पिवळ्या-तांबड्या छटा देणारी कॅरोटिन गटातील रंगद्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळतात. स्पिरुलिना शैवालाचा खाऊ दिला तर फरक पडतो. पण एक रंग असा आहे की तो कशानेही परतत नाही, आणि परतू नये. काचमासा हा आपल्या देशातला पारदर्शक मासा. त्याच्या अंगात सुईने गुलाबी, हिरवा रंग टोचून तो 'रंगीत' म्हणून विकला जातो. काही महिन्यांत हा रंग उतरतो. टोचण्याने जखमा होतात आणि अनेक मासे दगावतात. असे मासे विकत घेऊ नयेत. गिऱ्हाईक थांबले की टोचणेही थांबेल.

रंगपेशींचे काम स्वतः पाहायचे असेल तर डास निर्मूलनासाठी टाक्यांत सोडतात त्या गप्पीच्या काही माद्या मिळवा. दोन सारखी काचपात्रे घ्या. एकाच्या खाली व भोवती पांढरा कागद, दुसऱ्याच्या काळा कागद लावा. पाणी, तापमान आणि उजेड दोन्हींकडे सारखाच ठेवा. प्रत्येकी तीन माद्या सोडून अर्धा तास शांत राहू द्या. मग सहाही जणींना एकाच पांढऱ्या बशीत घेऊन तुलना करा आणि पात्रे बदलून पुन्हा निरीक्षण करा. फरक पडायला पहिल्या वेळी किती मिनिटे लागली, माद्या आठवडाभर एकाच पात्रात राहिल्यावर किती लागली, याच्या वेळा वहीत लिहा. प्रयोग संपल्यावर मासे शाळेच्या टाकीत परत सोडावेत. ओढ्यात किंवा तळ्यात मात्र कधीही सोडू नयेत.