प्रयोगशाळेचे दार कोणाला ठाऊक असते?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की जिल्ह्याच्या गावांतील महाविद्यालयांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो: "संशोधनाला जायचे तर कोणती परीक्षा द्यावी लागते?" प्रश्न रास्त आहे. शिक्षक परीक्षेचे नाव सांगतात, विद्यार्थी मार्गदर्शिका विकत घेतो, आणि संभाषण तेथेच संपते. वस्तुतः ते तेथे सुरू व्हावयास हवे. परीक्षा ही प्रयोगशाळेत शिरण्याची एक वाट आहे खरी. पण ती सर्वांत उशिरा लागणारी वाट आहे. जे विद्यार्थी पुढे नावारूपास येतात, त्यांतील पुष्कळसे तत्पूर्वीच कोणत्या ना कोणत्या प्रयोगशाळेत दोन उन्हाळे काढून आलेले असतात.

परीक्षेविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, २०२४ पासून 'नेट'चे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. वरच्या क्रमाने उत्तीर्ण होणाऱ्यांना कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये अशी ठरली. त्याखालच्यांसाठी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. परंतु हे सारे म्हणजे तिकीट झाले. आरक्षण निराळेच असते. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक विद्यार्थी असू शकतात. म्हणजे जागा विद्यापीठाच्या इमारतीत नसून एकेका मार्गदर्शकाजवळ असते, आणि ती रिकामी आहे की नाही हे त्याला विचारल्यावाचून कळत नाही. शिवाय परीक्षेचा भरवसा तरी किती धरावा? १८ जून २०२४ रोजी देशभर घेतलेली 'नेट' दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, हे विद्यार्थी अद्याप विसरलेले नाहीत.

तेव्हा विचारावे लागते. नेमकी येथेच आमच्या मुलांची अडचण होते. आपल्याहून मोठ्या, अनोळखी माणसाला आपण होऊन पत्र लिहावे, ही गोष्ट त्यांना आगाऊपणाची वाटते. पुण्याच्या विद्यार्थ्याला तसे वाटत नाही. तो अधिक हुशार असतो असे नव्हे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून त्याच्या गावात आहे, २००६ साली 'आयसर'ही आली, आणि त्याच्या वर्गातील कोणाचा तरी काका वा भाऊ तेथे काम करतो. अर्थशास्त्रात माहितीलाही किंमत असते असे आम्ही शिकवतो. ही किंमत पुण्यात जवळजवळ शून्य आहे आणि हिंगोलीत किंवा गडचिरोलीत ती एका आयुष्याइतकी असू शकते.

विचारण्याचा इतिहास मात्र जुना आहे. १९०७ साली अर्थखात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यास गेलेले चंद्रशेखर वेंकट रामन महेंद्रलाल सरकारांनी स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेच्या दारी आपण होऊन गेले, आणि पुढची दहा वर्षे कचेरीच्या आधी व कचेरी सुटल्यावर तेथे प्रयोग करीत राहिले. (कारकुनी करणाऱ्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) याच रामन यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेचे प्रमुख असताना कमला भागवत या तरुणीला, ती मुंबई विद्यापीठात पहिली आलेली असूनही, केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. ती परत फिरली नाही. हट्ट धरून बसली, तेव्हा एक वर्ष कच्च्या प्रवेशावर काम करण्याची अट घालून तिला आत घेण्यात आले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेणाऱ्या कमलाबाई सोहोनी त्या याच. त्यांच्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

आजच्या विद्यार्थ्याला इतका आग्रह धरावा लागत नाही. एक नीट पत्र पुरते. पण नीट म्हणजे काय? 'आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा आहे' हे वाक्य पन्नास पत्त्यांवर धाडले तर पन्नासही पत्रे न वाचता बाजूला पडतात. ज्यांच्याकडे जावयाचे त्यांचे एक-दोन शोधनिबंध आधी वाचावेत. सगळे कळणार नाही, कळावे अशी अपेक्षाही नसते. जे कळले ते, जेथे अडले ते, आपल्याला काय करता येते व किती आठवडे मोकळे आहेत, एवढे एका पानात लिहावे. इंग्रजी साधे असले तरी चालते. उत्तर न आल्यास पंधरवड्याने पुन्हा लिहावे. न आलेले उत्तर म्हणजे बहुधा नकार नसून विसर असतो. मार्गदर्शकाच्या हाताखालील जुन्या संशोधक विद्यार्थ्यांशीही बोलावे. त्यांचे प्रबंध किती वर्षांत पुरे होतात, हे त्यांच्याइतके खरे कोणी सांगत नाही.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो लहान नाही. पत्राला होकार आला तरी काम पुष्कळदा बिनपगारी असते. मुंबईत वा पुण्यात दोन महिने राहण्या-जेवण्याचा खर्च शेतमजुराच्या मुलीने कोठून आणावा? बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.ला नाव नोंदविल्यानंतरच्या. पदवीच्या वर्गातील मुलांना त्यांचा उपयोग नाही. आधीच्या टप्प्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे, आणि बंगळूर, दिल्ली व अलाहाबाद येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची विद्यावेतनासह संधी देत आल्या आहेत. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच भरावयाचे असतात. आमच्याकडे मुलांना तिचा शोध लागतो तो परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये.

या अर्जासोबत एका शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. विद्यार्थ्याला नावानिशी ओळखणाऱ्या आणि त्याच्या हातचा एखादा प्रयोग पाहिलेल्या शिक्षकाचे पत्र वजनदार ठरते; ठरावीक छापाचे प्रमाणपत्र ठरत नाही. एकशेवीस मुलांच्या वर्गात अशी ओळख होणे कठीण, हे मान्य. तरी अकादम्यांची हीच योजना महाविद्यालयीन शिक्षकांसाठीही आहे, हे आमच्या किती सहकाऱ्यांना ठाऊक आहे? रसायनशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाने एक उन्हाळा अशा प्रयोगशाळेत घालविला, तर पुढल्या जूनमध्ये त्याच्या वर्गातील मुलांना तेथील निदान एका माणसाचे नाव आणि पत्ता मिळेल.